'बॉस्टन' (१९७६): एका तळघरातल्या अल्बमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा अल्बम कुणालाही ऐकायला दिला की आठवड्याभरात साधारण तेच प्रश्न परत येतात. काही अगदी प्राथमिक असतात, काही भांडायच्या तयारीने विचारलेले. ते सगळे इथे एकत्र केलेत. तीच गोष्ट दोनदा सांगितलेली नाही. गरज पडली तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'बॉस्टन' हे बँडचं नाव की अल्बमचं?

दोन्हींचं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या या बँडचा पहिला अल्बम २५ ऑगस्ट १९७६ला एपिक या रेकॉर्ड कंपनीने काढला आणि त्याला बँडचंच नाव दिलं. त्याआधी हीच मंडळी 'मदर्स मिल्क' या नावाने वावरत होती. नवं नाव सुचवलं ते निर्माता जॉन बॉयलन आणि रेकॉर्डिंग इंजिनिअर वॉरन ड्यूई यांनी. गाव कुठलं, तर बॉस्टन, झालं. आता इंटरनेटवर शोधताना मात्र या नावाचा जाच होतो. बँडच्या नावासोबत '१९७६' टाका, नाहीतर हवामान आणि बेसबॉलच हाती लागतं.

२. यातली गाजलेली गाणी कोणती? कुठून सुरुवात करू?

सिंगल म्हणून, म्हणजे वेगळ्या छोट्या तबकडीवर, तीन गाणी निघाली. 'मोअर दॅन अ फीलिंग' बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ५व्या क्रमांकापर्यंत गेलं, 'लाँग टाइम' २२व्या आणि 'पीस ऑफ माइंड' ३८व्या. पण आकड्यांवरून अंदाज बांधू नका. अमेरिकेतल्या रॉक वाजवणाऱ्या एफएम केंद्रांनी आठपैकी जवळजवळ सगळी गाणी उचलली. 'स्मोकिन'' आणि 'हिच अ राइड' कधी सिंगलच्या दर्शनी बाजूवर आली नाहीत, तरी तिथल्या माणसाला ती तोंडपाठ असतात.

सुरुवात पहिल्या गाण्यापासूनच करा आणि क्रम मोडू नका. पूर्ण अल्बम ३८ मिनिटांच्या आत संपतो. पहिल्या बाजूला तीनच गाणी आहेत आणि ती तिन्ही सिंगल झालेली. रॉकच्या इतिहासात इतकी भरलेली पहिली बाजू फार थोड्या पदार्पणांना मिळाली असेल.

३. बँडचा म्होरक्या आणि गिटारवादक टॉम शोल्झ इंजिनिअर होता म्हणतात, ते खरं की दंतकथा?

खरं. एमआयटी या मॅसॅच्युसेट्समधल्या तंत्रशिक्षण संस्थेतून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी, मग १९७०मध्ये तिथूनच पदव्युत्तर पदवी, आणि त्यानंतर पोलरॉइड या कॅमेऱ्याच्या कंपनीत उत्पादन-रचनेची नोकरी. दिवसा ऑफिस, रात्री तळघर असा त्याचा कित्येक वर्षं क्रम होता. पगारातून तो रेकॉर्डिंगची यंत्रं घेत गेला. अल्बम बाजारात आल्यावरही त्याने लगेच राजीनामा दिला नाही, काही काळ कामावर जात राहिला. आपल्याकडच्या कुठल्याही काळजी करणाऱ्या बापाला पटेल असा हा एकमेव रॉकस्टार.

लहानपणी तो शास्त्रीय पियानो शिकला होता. गिटार खूप नंतर, विशीत हातात आली.

४. खरंच घराच्या तळघरात रेकॉर्ड झालाय? मग आवाज एवढा मोठा कसा?

बहुतांश वाद्यं तळघरातच वाजली. जागा बॉस्टनला लागून असलेल्या वॉटरटाउनमधली. तो राहत होता त्या इमारतीचं तळघर, त्यातही घर तापवणाऱ्या भट्टीशेजारचा कोपरा, भिंतींना पाइनच्या फळ्या, आणि मधूनमधून पाणी शिरायचं. तिथे त्याचं बारा ट्रॅकचं, म्हणजे बारा आवाज वेगवेगळे टिपणारं, स्कली कंपनीचं टेप मशीन होतं.

आवाज मोठा वाटतो तो खोलीमुळे नाही, थरांमुळे. गिटारची एकच ओळ शोल्झ पुन्हा पुन्हा वाजवतो. दोन वेळा वाजवलेली तीच ओळ हुबेहूब सारखी कधीच येत नाही. क्षणभर मागेपुढे, सुरात केसभर फरक. एक डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवली की तो केसभर फरकच कानाला रुंदी म्हणून ऐकू येतो. त्यावर तो तिसऱ्या गिटारने वेगळ्या स्वरात तीच चाल जोडतो. आणि हे सगळं सावकाश, जमेपर्यंत. स्टुडिओत तासाचं भाडं चढत असतं. तळघरात घड्याळ आपलं. 'मोअर दॅन अ फीलिंग' पुरं व्हायला पाच वर्षं लागली ती अशी.

माझं मत विचाराल तर या अल्बमचं खरं वाद्य टेप मशीनच आहे. 'हिच अ राइड'मध्ये ऑर्गनचा एक स्वर वाकतो, मींड घेतल्यासारखा. ऑर्गनवर अशी मींड येत नाही. शोल्झने फिरत्या रिळावर बोट टेकवून टेपचा वेग किंचित कमी केला.

५. रेकॉर्ड कंपनीने हे चालू दिलं?

तिला कळलंच नाही. एपिकची अट होती की कच्च्या टेपा ठीक आहेत, पण अल्बम नीट स्टुडिओत, जाणत्या निर्मात्याच्या हाताखाली पुन्हा रेकॉर्ड व्हावा. शोल्झला पक्कं माहीत होतं की तळघरातला आवाज दुसरीकडे पुन्हा येणार नाही. मग जॉन बॉयलनने तोड काढली. बाकीच्या वादकांना घेऊन तो लॉस एंजेलिसला गेला आणि तिथे सगळं रीतसर चाललंय असं चित्र उभं राहिलं. शोल्झ मात्र वॉटरटाउनला, त्याच भट्टीशेजारी, त्याच मशीनवर.

तिकडे गेलेल्या मंडळींनी 'लेट मी टेक यू होम टुनाइट' हे शेवटचं गाणं खरोखरच रेकॉर्ड केलं. इकडचं काम झाल्यावर रेकॉर्डिंगची गाडी घरासमोर आणून बारा ट्रॅकची टेप चोवीस ट्रॅकवर उतरवून घेतली. गायक ब्रॅड डेल्पचं गायन आणि शेवटचं मिक्सिंग लॉस एंजेलिसला झालं. त्यामुळे 'संपूर्ण अल्बम तळघरात झाला' असं कुणी सांगितलं तर ते नव्वद टक्के खरं धरा.

बॉयलनबद्दल फार कमी बोललं जातं याचं मला वाईट वाटतं. दुसरा एखादा निर्माता स्वतःची छाप पाडायला बसला असता. याने आपलं सगळं कसब दुसऱ्याचं काम वाचवण्यात खर्चलं.

६. कुणी काय वाजवलंय? हा खरा बँड होता का?

कव्हरवर पाच जण आहेत: टॉम शोल्झ, गायक ब्रॅड डेल्प, गिटारवर बॅरी गूद्रो, बासवर फ्रॅन शीहन, ड्रम्सवर सिब हॅशियन. प्रत्यक्षात बहुतेक गिटार, बहुतेक बास, ऑर्गन आणि क्लॅव्हिनेट (पियानोसारख्या पट्ट्यांचं विजेवरचं वाद्य) शोल्झचं. 'लाँग टाइम'चा गिटार सोलो मात्र गूद्रोचा आहे; तो शोल्झच्या नावावर खपवला जातो, खपवू नका. शीहनचा बास मोजक्या गाण्यांत येतो.

आणि एक सहावा माणूस आहे, जिम मासडिया. आधीच्या कच्च्या टेपांवर ड्रम्स त्याचे होते, गाण्यांची लय त्याच्यासोबत बसून ठरली होती. कंपनीला दुसरा ड्रमर हवा होता म्हणून हॅशियन आला. मासडियाचं वादन 'रॉक अँड रोल बँड' या एका गाण्यात उरलं. (दहा वर्षांनी, तिसऱ्या अल्बममध्ये, शोल्झने त्याला परत बोलावलं.)

तेव्हा 'हा बँड नव्हताच, एकट्याचा खेळ होता' हे विधान अर्धं बरोबर. उरलेल्या अर्ध्यासाठी पुढचा प्रश्न वाचा.

७. मागे गाणारे इतके आवाज कुणाचे?

ब्रॅड डेल्पचेच. आधी मुख्य गाणं, मग त्यावर वरचा स्वर, मग खालचा, मग तेच पुन्हा. शोल्झने गिटारचं जे केलं (प्रश्न ४) ते डेल्पने गळ्याचं केलं. तो बीटल्सचा निस्सीम भक्त होता. पुढे बीटल्सची गाणी वाजवणाऱ्या 'बीटलज्यूस' या बँडमध्ये तो वर्षानुवर्षं हौसेने गायला. एकावर एक सूर रचण्याची ती शाळा इथे ऐकू येते.

'मोअर दॅन अ फीलिंग'मध्ये एका कडव्याच्या शेवटी आवाज वर वर चढत जातो, आणि ज्या टोकाला माणसाचा गळा संपेल असं वाटतं त्याच टोकावर गिटार तो स्वर उचलून पुढे नेते. गळा कुठे संपला आणि तार कुठे सुरू झाली हे पहिल्यांदा ऐकताना सांगता येत नाही. ही जागा शोल्झला एकट्याला साधली नसती. म्हणून कुणी एकट्याचा अल्बम म्हटलं की मी 'दोघांचा' अशी दुरुस्ती करतो.

८. 'मोअर दॅन अ फीलिंग'मधली मेरीॲन कोण? शोल्झची प्रेयसी?

नाही. नाव खरं आहे. ती त्याची नात्यातली मोठी बहीण. आठ-नऊ वर्षांचा असताना ती आपल्याला जगातली सर्वांत सुंदर मुलगी वाटायची, असं त्याने मुलाखतींत सांगितलंय. गाण्याचा विषय तसा मेरीॲन नाहीच. जुनं गाणं कानावर पडतं आणि एक गेलेलं माणूस डोळ्यांसमोर उभं राहतं, एवढाच प्रसंग आहे. ते जुनं गाणं म्हणजे 'द लेफ्ट बँक' या बँडचं १९६६चं 'वॉक अवे रने'. आपल्या गाण्यामागे त्याची प्रेरणा असल्याचं शोल्झ सांगतो.

गंमत अशी की आता लोकांसाठी ते 'जुनं गाणं' म्हणजे हेच होऊन बसलंय.

९. निर्व्हाना या अमेरिकी रॉक बँडने 'मोअर दॅन अ फीलिंग'चीच चाल चोरली ना?

'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' (१९९१) आणि या गाण्याचं ध्रुवपद यांत साम्य आहे, पण ते कॉर्डमध्ये (एकत्र वाजवलेल्या स्वरांत) नाही. कॉर्ड वेगळ्या आहेत. साम्य आहे हाताच्या फटक्यात: चार कॉर्डचं चक्र, आणि मधे तारा दाबून काढलेला खरखरीत ठेका. निर्व्हानाने ते कधी लपवलं नाही. त्यांचा गायक कर्ट कोबेनने स्वतः बॉस्टनचं नाव घेतलं होतं, आणि १९९२च्या रेडिंग महोत्सवात आपलं गाणं सुरू करण्याआधी त्यांनी मुद्दाम 'मोअर दॅन अ फीलिंग'चा तुकडा वाजवून थट्टा केली. असा ठेका १९६३च्या 'लुई लुई'तही सापडेल. चोरी म्हणायचं तर मग सगळं गावच आत टाकावं लागेल.

१०. 'फोरप्ले/लाँग टाइम' एक गाणं की दोन?

अल्बमवर एक, ७ मिनिटं ४७ सेकंदांचं. पहिला भाग शब्दांविना, ऑर्गनने धावणारा. तो शोल्झने १९६९मध्ये, एमआयटीत असताना रचला होता. दुसरा भाग गाणं. सिंगल काढताना कंपनीने फक्त 'लाँग टाइम' घेतलं, आणि नंतर 'पीस ऑफ माइंड'च्या सिंगलच्या मागच्या बाजूला 'फोरप्ले' टाकलं. म्हणजे दोन वेगळ्या तबकड्या घेऊन एक गाणं जुळवायचं! जुन्या सिंगल गोळा करणाऱ्यांचा गोंधळ होतो तो इथे. ऐकताना मात्र सलगच ऐका. ऑर्गनची धावपळ ओसरून गिटार येते तो सांधा काढून टाकला की पुढचं गाणं निम्मं होतं.

११. 'पीस ऑफ माइंड' हे अध्यात्मिक गाणं आहे का?

नावावरून तसं वाटतं खरं. प्रत्यक्षात ते ऑफिसबद्दल आहे. बढतीची शिडी, वरच्या खुर्चीसाठीची चढाओढ, आणि त्यात न पडण्याचा निर्णय. शोल्झने पोलरॉइडमध्ये जे भोवती पाहिलं त्यातून ते आलं. पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांना भाषांतराची गरज पडू नये.

१२. 'रॉक अँड रोल बँड'मध्ये त्यांची स्वतःची गोष्ट सांगितली आहे ना?

ती कल्पित आहे. मॅसॅच्युसेट्सच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या केप कॉडमधल्या हायॅनिस गावी वाजवत फिरणारा गरीब बँड, मग एक दिवस सिगार ओढत आलेला कंपनीचा माणूस, आणि नशीब फळफळलं! खरं तर या बँडला बारमध्ये वाजवून कुणी शोधून काढलं नाही. कच्च्या टेपा कंपन्यांना पाठवायच्या आणि नकार गोळा करायचे, हा त्यांचा संघर्ष. त्यावर गाणं लिहिलं असतं तर पोस्टमनला नायक करावं लागलं असतं.

१३. यात सिंथेसायझर आहे का?

नाही, आणि शोल्झला या गोष्टीचा अभिमान होता. अंतराळयान गेल्यासारखे जे आवाज येतात ते गिटार, ऑर्गन, टेप आणि त्याने स्वतः जोडलेल्या उपकरणांतून काढलेले आहेत.

१४. कव्हरवरचं ते काय आहे? उडती तबकडी की गिटार?

दोन्ही. फुटणाऱ्या पृथ्वीपासून पळून जाणारी अंतराळयानं, आणि प्रत्येक यान म्हणजे उलटी धरलेली गिटार. गिटार हवीच असा शोल्झचा आग्रह होता. कलादिग्दर्शन पॉला शेरचं, चित्र रॉजर ह्यूसेनचं, अक्षरं जेरार्ड ह्युएर्टाची. सिटी बँकेची लाल कमानवाली खूण हीसुद्धा पॉला शेरचीच. इतकं काम करूनही लोक आपल्याला या कव्हरसाठी ओळखतात याचं तिला फारसं कौतुक नाही. मला ते कव्हर बाळबोध वाटतं, आणि तरीही दुसरं कुठलं शोभलं नसतं.

१५. सर्वांत जास्त खपलेला पदार्पणाचा अल्बम हाच का?

बरीच वर्षं अमेरिकेपुरतं हे खरं होतं. तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने याला १७ वेळा प्लॅटिनम, म्हणजे १ कोटी ७० लाख प्रतींचं प्रमाणपत्र दिलंय. पुढे गन्स अँड रोझेसचा पहिला अल्बम १८ वेळा प्लॅटिनम होऊन पुढे गेला. जुन्या लेखांत 'सर्वाधिक' असं सापडतं ते त्यामुळे. आणखी एक खोच: इतका खपूनही तो बिलबोर्डच्या अल्बम-यादीत पहिला कधीच आला नाही, ३ऱ्या क्रमांकावर थांबला. एका आठवड्यात सगळ्यांत जास्त खपणं वेगळं आणि वर्षानुवर्षं खपत राहणं वेगळं.

१६. ग्रॅमी मिळालं असेलच?

नवोदितांच्या गटात नामांकन मिळालं. पारितोषिक गेलं 'स्टारलँड व्होकल बँड'ला. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर तुमचं काही चुकलेलं नाही.

१७. समीक्षक याला 'कॉर्पोरेट रॉक' म्हणून का हिणवतात?

आवाज गुळगुळीत आहे, कुठे खरचटत नाही, म्हणून. त्याच १९७६मध्ये पंक उगवत होतं. तीन कॉर्ड, घाण आवाज, राग. त्यापुढे हा अल्बम कारखान्यातून पॉलिश करून आल्यासारखा वाटला. भर घातली कंपनीच्या जाहिरातीने: 'विज्ञानाने अधिक चांगलं संगीत' अशा अर्थाचं घोषवाक्य एपिकने वापरलं. शोल्झला ते मुळीच आवडलं नव्हतं.

आक्षेप मला कळतो. गाण्यांचे शब्द साधे आहेत, काही ठिकाणी अगदीच. पण 'कॉर्पोरेट' हा शब्द इथे सपशेल उलटा पडतो. कंपनीला अंधारात ठेवून, पगाराच्या पैशांनी, पाणी शिरणाऱ्या तळघरात एका माणसाने हाताने घासून गुळगुळीत केलेली वस्तू आहे ही. पंकवाले ज्या 'स्वतः करा'चा झेंडा मिरवत होते ते याने त्यांच्याआधी, झेंड्याविना करून ठेवलं होतं.

१८. कुठली आवृत्ती घ्यावी?

जुनी तबकडी चांगल्या स्थितीत मिळाली तर तीच. सीडी किंवा डिजिटल असेल तर २००६चं रीमास्टर, म्हणजे मूळ टेपांवरून आवाज नव्याने साफ केलेली आवृत्ती. ते शोल्झने स्वतः केलंय. कंपनीने आधी त्याला न विचारता काम काढलं होतं; कळल्यावर त्याने ते अंगावर घेतलं. पन्नाशी-साठीतही माणसाची खोड जात नाही.

१९. 'मोअर दॅन अ फीलिंग' गिटारवर वाजवायचंय. अवघड आहे का?

सुरुवातीची ॲकॉस्टिक गिटार डी, सी आणि जी यांच्याभोवती फिरते. बोटं सुटी सुटी चालवायला शिकलेल्याला महिन्याभरात जमेल. ध्रुवपदाला जी, सी, ई मायनर, डी. अवघड आहे ते प्रश्न ४मधलं: एकटी गिटार ऐकायला पोकळच वाटणार. दोघंतिघं मिळून वाजवा. आणि डेल्पच्या पट्टीत गाण्याचा हट्ट नको, खालच्या पट्टीत गा.

२०. या मंडळींचं पुढे काय झालं?

दुसरा अल्बम 'डोन्ट लुक बॅक' १९७८मध्ये आला. शोल्झला तो घाईत काढल्यासारखा वाटला. मग त्याने घाई करायचंच सोडलं आणि कंपनीने उशिराबद्दल कोर्टात खेचलं. निकाल शेवटी शोल्झच्या बाजूने लागला. तिसरा अल्बम आला १९८६मध्ये, दुसऱ्या कंपनीकडून, आणि त्यातलं 'अमांडा' पहिल्या क्रमांकावर गेलं. मधल्या काळात शोल्झने 'रॉकमॅन' हा हातात मावणारा ॲम्प्लिफायर बनवून विकला. डेफ लेपर्ड या ब्रिटिश रॉक बँडच्या 'हिस्टेरिया' अल्बमवरच्या गिटारी त्यातूनच गेल्यात.

ब्रॅड डेल्पने मार्च २००७मध्ये आत्महत्या केली. त्याला ओळखणारे सगळे त्याच्या चांगुलपणाबद्दल बोलतात. सिब हॅशियन मार्च २०१७मध्ये एका क्रूझवर वाजवत असताना कोसळला आणि गेला.

२१. बॉस्टनला राहतो / शिकायला आलोय. ते तळघर पाहता येईल का?

वॉटरटाउन एमआयटी जिथे आहे त्या केंब्रिजपासून जवळ आहे, पण ते लोकांचं राहतं गाव. तिथे या अल्बमचं संग्रहालय वगैरे नाही. कुणाच्या दारात जाऊन उभे राहू नका. त्यापेक्षा कानाला हेडफोन लावून चार्ल्स नदीकाठाने एमआयटीपासून वॉटरटाउनकडे चालत जा. अल्बम वाटेत एकदा तरी पूर्ण होतोच.

२२. माझी प्रत खराब आहे का? पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला काही ऐकूच येत नाही.

प्रत ठीक आहे. ते गाणं शांततेतून हळूहळू वर येतं, दूरच्या खोलीत कुणी वाजवत असल्यासारखं. आवाज वाढवू नका. वाढवलात तर थोड्याच वेळात इलेक्ट्रिक गिटारी येतील आणि शेजारी दार वाजवतील.